हातातलं पुस्तक: अर्ध्यावर असतानाच सांगा

शाईपेन

'काय वाचताय?' असं विचारलं की बहुतेक जण संपवलेल्या पुस्तकांची नावं सांगतात. संपलेल्या पुस्तकाबद्दल मत पक्कं झालेलं असतं: आवडलं, नाही आवडलं, जरूर वाचा, वेळ घालवू नका. मला त्याच्या आधीचं ऐकायचं आहे. खूण मधेच कुठेतरी आहे, पुढे काय होणार ठाऊक नाही, लेखकावर विसंबावं की नाही हेही ठरत नाहीये, अशा वेळी माणूस पुस्तकाबद्दल जे बोलतो ते शेवटच्या पानानंतर त्याच्या तोंडून येत नाही. म्हणून अट एकच: पुस्तक अजून हातात हवं. कुठवर आलात, कशाशी अडलात, कुठलं पान उलटायचं जिवावर आलं, ते लिहा.

सुरुवात मी करते. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' पुन्हा घेतलंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा गोष्टीच्या ओढीने वाचलं होतं, चक्रधर विध्वंस आणि हॅर्टा यांचं काय होतं एवढ्यासाठीच. या खेपेला ओढ वेगळीच आहे. युरोपातून निघालेली बोट, बोटीवर नाझी जर्मनीतून निसटलेले ज्यू. पुस्तक १९३९ सालचं, म्हणजे महायुद्ध पेटलं त्याच वर्षीचं. काय येऊ घातलंय ते लिहिणाऱ्याला पुरतं ठाऊक नव्हतं, आपल्याला मात्र आज आकड्यांसकट ठाऊक आहे. त्यामुळे बोटीवरच्या साध्या साध्या प्रसंगांनीही पोटात गोळा येतो. बंदर जवळ आलं की बाकीचे प्रवासी हरखतात, आवराआवर करतात. हॅर्टाला उतरायला जमीनच नाही. आधीच्या वाचनात हे नजरेखालून गेलं होतं, पण त्याचं वजन जाणवलं नव्हतं. पुस्तक तसं छोटंच आहे, एका बैठकीत संपेल. मी मुद्दाम थोडं थोडं वाचतेय.

आता तुमची पाळी.

---

पानोपानी

छान विषय. माझ्या हातात 'स्मृतिचित्रे' आहे, पण वाचतेय आईसाठी. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून रात्री मी मोठ्याने वाचते आणि ती ऐकते.

लक्ष्मीबाई टिळकांचं गद्य मोठ्याने वाचून बघा, कुठेही जीभ अडखळत नाही. लग्नानंतर अक्षरओळख झालेली बाई लिहिते आहे आणि वाक्यं अशी की समोर बसून बोलतेय. वडिलांच्या सोवळ्याओवळ्याच्या अतिरेकाने सगळं घर कसं वेठीला धरलं होतं ते सांगताना तक्रारीचा सूर कुठेच नाही. प्रसंग भयंकर असतो आणि आपण हसत असतो.

आई मात्र लक्ष्मीबाईंच्या नवऱ्यावर, कवी ना. वा. टिळकांवर रागावलेली आहे. न सांगता घर सोडून जायचं, हातातले पैसे दुसऱ्याला देऊन टाकायचे! "कवी असतील मोठे, पण घरात पीठ आहे का ते कोण बघणार?" असं म्हणून तिने परवा वाचन थांबवलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारलं, "आज लक्ष्मी कुठे आहे?" आम्ही आता १८९५ नंतरच्या भागात आहोत. टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारलाय आणि लक्ष्मीबाई वेगळ्या राहताहेत. पुढे १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या हे मला माहीत आहे, आईला नाही. एवढी कर्मठ घरातली बाई आतून कशी कशी बदलत गेली, ते आईला तिच्याच तोंडून कळू दे. म्हणून मी गप्प आहे.

---

दुपारवेळ

पानोपानी, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. टिळकांवरचा राग अगदी रास्त आहे. पण पुढचं वाचताना त्यांना विचारा, लक्ष्मीबाई स्वतः किती रागावल्यात? राग आहेच, पण त्याच्या बरोबरीने या माणसाबद्दलचं नवलही आहे. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य पुढे लक्ष्मीबाईंनीच पुरं केलं. दोन्ही भावना एकाच वाक्यात नांदवणं फार थोड्यांना जमलंय.

---

नवखा

मी 'कोसला'त अडकलोय. स्पष्टच लिहितो, मला पांडुरंग सांगवीकरचा कंटाळा येतोय. वसतिगृह, मेस, मित्र, सेक्रेटरीपद, वडिलांचे पैसे. सगळीकडे 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ'. ज्याला विचारावं तो म्हणतो महान कादंबरी. कुठे महान होते ते सांगा, म्हणजे तिथवर जातो. की सोडून देऊ?

---

संथवाचक

सोडू नका. तुम्हाला येणारा कंटाळा पांडुरंगलाही आलेला आहे, आणि तो त्याने लपवलेला नाही. ही कादंबरी १९६३ साली आली तेव्हा लेखक भालचंद्र नेमाडे पंचविशीत होते. तोवरचे नायक वाचून पाहा, त्यांचं दुःखसुद्धा नीटनेटकं असतं, बोलणं घडवलेलं असतं. पांडुरंग बोलतो तसं आधी कादंबरीत कुणी बोलत नव्हतं. आज सगळेच तसं लिहितात, म्हणून तुम्हाला त्यात नवं काही दिसत नाही.

आणि मनीच्या भागापर्यंत तरी जाच. त्याबद्दल जास्त सांगत नाही. एवढंच म्हणतो, तोवर ज्या भाषेने तुम्हाला वैताग आणला तीच भाषा तिथे कामाला येते. इतका वेळ सगळ्याची टर उडवणारा माणूस धाकट्या बहिणीपाशी येतो आणि त्याला कसलीच टर उडवता येत नाही.

---

रानवाट

माझं मत उलटं आहे. नवखा, सोडून द्या. कायमचं नाही, पण आत्ता ठेवून द्या. 'पुढे चांगलं आहे' म्हणून दात-ओठ खाऊन पानं उलटणं हे पुस्तकावरही अन्याय करतं. मीही हे पुस्तक एका वयात अर्ध्यावर ठेवलं, मग घरापासून लांब एकटी राहायला लागले तेव्हा उघडलं आणि झपाटल्यासारखी वाचत सुटले. पुस्तक तेच होतं, मी दुसरी होते. वाचनाला परीक्षेची शिस्त लावली की आधी वाचायचा उत्साह जातो.

संथवाचक म्हणतात ते 'कोसला'पुरतं खरं आहे. पण प्रत्येक पुस्तकात मनी नसते हो.

---

संथवाचक

हे मान्य. पण थोडं तरी रेटल्याशिवाय कुठल्या पुस्तकात ती आहे हे कळायचं कसं? मी जे जे मनापासून जपलंय त्यातलं निम्मं सुरुवातीला मला नकोसं वाटलं होतं.

---

वंशावळ

मी 'तुंबाडचे खोत', खंड पहिला. (श्री. ना. पेंडसे, १९८७.) खोत घराण्याच्या चार पिढ्या, दोन जाडजूड खंड. पात्रं इतकी आहेत की एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर झाड काढत चाललेय, तीच माझी खूण. कोण कुणाचा मुलगा, कुणाचं कुणाशी वाकडं, कोण कुठे निघून गेला. पाकीट भरलं, मग बाजूला चिठ्ठी चिकटवली.

पेंडसे माणसांना एकदम आपल्यासमोर उभं करत नाहीत. आधी नदी येते, जगबुडी. मग वाडा, मग वाड्याबद्दल लोक काय बोलतात ते. माणूस येईतो त्याच्याविषयीच्या वदंता आपल्या कानावर पडलेल्या असतात. नंतर तो माणूस त्या वदंतांपेक्षा लहान निघतो किंवा मोठा. चिमापाच्या बाबतीत तर मी दोनदा मत बदललंय आणि अजून खंड संपायचा आहे. घाई नाही. एवढ्या मोठ्या कादंबरीत राहायला जायचं असतं.

---

अबोली

मी 'ऋतुचक्र' वाचतेय, पण महिन्याला एकच लेख. दुर्गा भागवतांनी बारा महिन्यांवर लिहिलंय, तर वाचायचंही तसंच असं ठरवलं. ज्या महिन्याचा लेख त्याच महिन्यात. वाचायचा, मग बाहेर जाऊन झाडं बघायची, मग पुन्हा वाचायचा. चैत्राचा लेख वाचेपर्यंत कोवळी पालवी हिरवी असते अशीच माझी समजूत होती. आता पिंपळाखाली उभी राहिले की तांबूस, गुलाबी, तपकिरी छटा वेगवेगळ्या दिसायला लागल्यात. १९५६ सालचं पुस्तक आहे आणि झाडांनी त्यातलं काही खोटं ठरवलेलं नाही.

---

कर्णधार

दुर्गाबाईंचा विषय निघालाच आहे तर सांगतो. सध्या दोन पुस्तके शेजारी शेजारी ठेवून वाचत आहे: दुर्गा भागवतांचे 'व्यासपर्व' (१९६२) आणि इरावती कर्व्यांचे 'युगान्त' (१९६७). दोघी अभ्यासक, दोघींसमोर तेच महाभारत, मधे अवघी पाच वर्षे. तरी पानापानावर वाटा वेगळ्या.

इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या. त्या पात्रांना प्रश्न विचारतात, हिशेब मागतात. भीष्माने प्रतिज्ञा केली हे ठीक, पण त्या प्रतिज्ञेची किंमत कुणी मोजली? अंबा, अंबिका, अंबालिका, गांधारी, माद्री, एकेकीचे नाव घेऊन त्या दाखवतात. खांडववन जाळले त्यात काय काय मेले, कशासाठी जाळले, हे त्या इतक्या थंडपणे मांडतात की लहानपणापासून ऐकलेला पराक्रम डोळ्यांसमोर उलटा होतो. दुर्गाबाईंचा रोख निराळा. त्यांना महाभारत काव्य म्हणून दिसते. एखाद्या पात्राची एकच लकब घेऊन त्या तिच्याभोवती घुटमळतात, आणि निष्कर्ष काढायची त्यांना मुळीच घाई नसते.

काल द्रौपदीपाशी आलो. दोघींनी तिच्यावर लिहिले आहे. आधी दुर्गाबाईंचा लेख वाचला, मग इरावतीबाईंचा. इरावतीबाईंच्या लेखाच्या शेवटी द्रौपदी हिमालयाच्या वाटेवर पडलेली आहे, आणि पुढचे आपल्या कल्पनेतले आहे असे लेखिका आधी सांगून टाकते. भीम मागे वळून येतो. ती त्याला म्हणते की पुढच्या जन्मी पाचांतला थोरला हो, म्हणजे तुझ्या आसऱ्याला आम्ही सगळे सुखाने राहू. एवढा वेळ पुराव्याने बोलणारी विदुषी इथे पुरावा बाजूला ठेवते, आणि ठेवला आहे हे लपवत नाही. मला हा प्रामाणिकपणा फार मोठा वाटतो. कल्पना करायची तर ती उघड करावी, आणि केल्यावर अशी करावी.

आता 'कर्ण' उरला आहे. मुद्दाम मागे ठेवला आहे. माझ्या टोपणनावावरून कारण लक्षात येईलच. इरावतीबाई त्याला सोडणार नाहीत हे ऐकून आहे.

---

पानोपानी

कर्णधार, 'गांधारी' वाचून झालं का? अरण्यातली ती चार म्हातारी माणसं, आणि धृतराष्ट्राचं गांधारीशी शेवटचं बोलणं. ती डोळ्यांवरची पट्टी काढते तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. निबंधांच्या पुस्तकात असं काही भेटेल याची कल्पना नव्हती.

---

कर्णधार

झाले. त्यावर काही लिहायला अजून धीर होत नाही.

---

कानसेन

मी ऐकतोय. 'बनगरवाडी'. वाचणं आणि ऐकणं यात डावं-उजवं करणाऱ्यांनी क्षमा करावी, पण व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी कानांसाठीच आहे असं माझं मत होत चाललंय. राजाराम मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, शाळेला पोरं नाहीत, कारभारी त्याला जोखून बघतोय. माणसांची बोलणी आणि मास्तरचं सांगणं यांच्यात जे अंतर आहे ते चांगल्या वाचकाच्या आवाजात स्वच्छ कळतं. डोळ्यांनी वाचताना मी वर्णनं पटापट ओलांडायचो, कानाला तसं करता येत नाही.

आत्ता तालीम बांधायचं चाललंय. सगळी वाडी कामाला लागलीय. माझी छाती उगाचच फुगलीय, वीट जणू मीच उचलतोय.

---

रानवाट

कानसेन, वेग वाढवून ऐकत नाही ना? माझी मैत्रीण दीडपट वेगाने ऐकते आणि वर म्हणते की पुस्तक आवडलं. माडगूळकरांच्या दोन वाक्यांमधली जागा दीडपट वेगात उरते कुठे? या बाबतीत मी हट्टी आहे.

---

कानसेन

छे, मुळीच नाही. उलट एक-दोनदा मागे नेऊन ऐकलं. शेकूच्या बायकोचा भाग.

---

नवखा

इथलं वाचून काल रात्री 'कोसला' पुन्हा उघडली. मनीपर्यंत पोचलो.

आत्ता काही लिहीत नाही. संथवाचक, आभार. रानवाट, तुमचंही बरोबर होतं, मधे ठेवली होती म्हणून बरं झालं.

---

शाईपेन

नवखा, सावकाश लिहा किंवा लिहूही नका.

बाकी सगळ्यांना एक विचारायचंय. कवितासंग्रहाचं तुम्ही काय करता? 'अर्ध्यावर असणं' कवितेत कसं मोजायचं? कादंबरीची खूण पुढे सरकते, कवितेची माझ्याकडून सरकत नाही. एकाच पानावर महिना जातो.

---

ओलीअक्षरं

माझ्याकडे अरुण कोलटकरांची 'भिजकी वही' आहे. आहे म्हणजे बरीच वर्षं आहे आणि कधीच संपलेली नाही. रडणाऱ्या बायकांवरचं एवढं मोठं पुस्तक, पुराणातल्या, इतिहासातल्या, परवापरवाच्या. हिपेशिया आहे, नादेझ्दा आहे. मी क्रमाने वाचायचा प्रयत्न सोडला. एक नाव घेते, त्या बाईबद्दल इतरत्र जे मिळेल ते वाचते, मग कवितेकडे परत येते. नादेझ्दा मांडेलश्टाम वाचायची तर तिच्या नवऱ्याच्या कविता जप्त होतील म्हणून तिने त्या पाठ करून जपल्या, हे माहीत असायला हवं. ते कळलं आणि ज्या ओळी आधी कोरड्या वाटल्या होत्या त्या अंगावर आल्या. म्हणजे मी अर्ध्यावर आहे की पाव, सांगता येत नाही. पण वाचतेय, रोज नाही तरी वाचतेय.

---

अबोली

ओलीअक्षरं, हे फार आवडलं. मी कविता पाठ करते. एक पाठ झाली की पुढचं पान. सवय लहानपणची, पण तिचा उपयोग आता कळतोय. कुठे रांगेत उभं राहावं लागलं तर पुस्तक सोबत नसलं तरी चालतं.

---

वाटाड्या

कोलटकरांवरून जी. ए. कुलकर्णी आठवले. त्यांच्या कथांचे चाहते इथे पुष्कळ असणार, 'स्वामी', 'ऑर्फियस' वगैरे कुणाला सांगायला नकोत. पण त्यांनी कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या हे बरेच जण विसरतात. मी सध्या 'रान' वाचतोय. एक कुटुंब घनदाट जंगलात वस्तीला जातं. झाडी अशी की ऊन जमिनीवर पोचत नाही. आई जाते, बाप शिकारीच्या नादात, आणि थोरली मुलगी भावंडांना सांभाळते.

सगळ्यात धाकटी बहीण रानात हरवते, तिथे मी आहे. आसपासचे लोक जमतात, दिवसच्या दिवस शोध चालतो. माग लागतो, सुटतो. लेखक हंबरडा फोडत नाही. शोधणारी माणसं एकेक करून आपापल्या कामाला परत जातात, एवढंच सांगतो. ती सापडते का हे मी लिहीत नाही.

जी. एं.च्या स्वतःच्या कथांतला नियतीचा काळोख इथे नाही. इथे कुऱ्हाड आहे, कातडी आहे, शेकोटी आहे. मराठी इतकी रानटी, ओबडधोबड आणि सुंदर त्यांनी दुसरीकडे क्वचितच लिहिली असेल. जे फक्त 'पिंगळावेळ'वर थांबलेत त्यांनी इकडे जरूर वळावं.

---

दुपारवेळ

यादीत टाकलं. या एका चर्चेने माझी यादी दुप्पट झाली. मी मात्र जी. एं.च्याच 'रमलखुणा'त आहे. दोनच दीर्घकथा. 'प्रवासी' झाली, 'इस्किलार' उघडायला मन तयार करतेय. त्यांची एक गोष्ट संपली की लगेच दुसरी मला घेताच येत नाही. मधे काहीतरी हलकं लागतं. या वेळी लेकीच्या कपाटातला फास्टर फेणे घेतला, आणि बन्याचं 'ट्टॉक' ऐकून फार बरं वाटलं.

---

वंशावळ

हे मधे हलकं घेणारे मला आवडतात. मलाही 'तुंबाड'च्या दोन खंडांमधे काहीतरी लागणार आहे. छोटं, वेगळं, हसवणारं पण पोकळ नाही असं. सुचवा.

---

संथवाचक

नंदा खरे यांची 'अंताजीची बखर'. मी नुकतीच सुरू केलीय. अंताजी स्वतःची हकिगत सांगतो आणि मोठमोठ्या इतिहासाकडे पायथ्याकडून बघतो. सरदारांच्या पराक्रमापेक्षा त्याला आपला जीव कसा वाचला ते सांगण्यात रस. सुरुवातीच्याच पानांत मी मोठ्याने हसलो.

---

नवखा

त्यासाठी इतिहास माहीत असावा लागतो का? माझा शाळेपुरताच आहे.

---

संथवाचक

मराठे बंगालवर स्वाऱ्या करत होते आणि १७५७ला प्लासी झाली, एवढं पुरे. बाकीचं अंताजी सांगतो. त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा ते मात्र तुमचं तुम्ही ठरवायचं. मी अजून ठरवतोय. आवडलं तर पुढे 'बखर अंतकाळाची' आहे, तीही त्याचीच.

---

वंशावळ

घेते. पाकीट मात्र 'तुंबाड'मध्येच राहू देते. अंताजीला वंशावळ लागेलसं दिसत नाही.